जावयाने निवडलेली वीज

मित्रांनो, मी एक जुना वीजमीटर आहे. बॉन शहरातल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, दारातून आत आलात की उजव्या हाताच्या भिंतीवर मी दिसेन. काळा, जाडजूड, पुढे काच. काचेआड एक चकती आडवी फिरत असते आणि तिच्या कडेवर लाल खूण आहे. हल्लीचे डिजिटल मीटर माझ्यापेक्षा देखणे असतील, पण माझी चकती पळायला लागली की घरात ओव्हन लागलाय हे कुणीही ओळखतं.

मला एक नाही, दोन आकडे आहेत. वरचा दिवसाच्या विजेचा आणि खालचा रात्रीच्या. या घरात ऊब विजेवर मिळते. प्रत्येक खोलीत खिडकीखाली एक जड हीटर आहे आणि त्याच्या पोटात विटा आहेत. रात्री वीज स्वस्त असते, तेव्हा त्या विटा तापतात आणि दिवसभर हळूहळू ऊब देत राहतात. वेळ झाली की मी वरचा आकडा थांबवून खालचा चालू करतो. इतक्या वर्षांत मी एकदाही चुकलो नाही. आपली स्तुती आपण करू नये म्हणतात, पण माझ्यासाठी दुसरं कोण करणार?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला तपासून, शिशाचं सील लावून या भिंतीवर पाठवलं. पूर्वी वर्षातून एकदा आकडे टिपायला एक गृहस्थ येत. ते रुमालाने माझी काच पुसत आणि "हा मीटर माझ्या आधी निवृत्त होणार नाही" असं म्हणत. ते खरंच माझ्या आधी निवृत्त झाले. पुढे आकडे फोनवरून कळवायची पद्धत आली, माझ्या खिळ्याला छत्र्या लटकू लागल्या आणि माझ्याकडे बघणं कमी झालं.

घराच्या मालकीण उल्काताई. नवऱ्याबरोबर, नरेंद्ररावांबरोबर, सांगलीहून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. नरेंद्रराव गेल्यावर त्या एकट्या राहू लागल्या, पण घर काही शांत झालं नाही. दर शनिवारी पुढच्या खोलीत त्या मुलांना मराठी शिकवतात. ताई मराठीत विचारतात, मुलं जर्मनमध्ये उत्तर देतात आणि ताई ते पुन्हा मराठीत म्हणून घेतात. माझं मराठीही याच वर्गातलं आहे. फी न भरता शिकलो.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात ताईंच्या लेकीचं, तनयाचं, लग्न झालं. जावई सत्यजित मूळचा पुण्याचा, फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा. मुलगा गुणी. सप्टेंबरात दोघं इथे राहायला आली असताना विजेचा दर वाढल्याचं ताई सहज बोलून गेल्या. नव्या जावयाला सासरी काहीतरी करून दाखवायची हौस असतेच. त्याने लगेच लॅपटॉप उघडला.

"आई, आल्झो, हे पाच मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. बोलताना मध्येच जर्मन शब्द पेरायची त्याला सवय आहे. "पोर्टलवर सगळ्या कंपन्यांचे टारीफ ओळीने दिसतात. पहिला घ्यायचा, फेर्टिश, झालं काम."

वेबसाइटने विचारलं, घरात माणसं किती? त्याने एका माणसाच्या चित्रावर टिचकी मारली. झालं! वेबसाइटने आपल्या मनाने एका माणसाला लागते तेवढी वीज धरली आणि यादी समोर ठेवली. हीटरच्या विजेचा विभाग त्या वेबसाइटवर वेगळा होता, तिकडे तो गेलाच नाही. यादीतली पहिली कंपनी पहिली का होती? तिने नव्या ग्राहकाला एकदाच मिळणारा बोनस देऊ केला होता आणि वेबसाइटने तो आधीच वजा करून टाकला होता. सत्यजितने एश्बॉर्नच्या स्वतःच्या घरासाठी असंच केलं होतं आणि तिथे सगळं बरोबर निघालं होतं. तिथे हीटर विजेवर नव्हते. माझ्यापासून तो चार पावलांवर बसला होता, पण उठून माझ्याकडे बघावं असं त्याला वाटलं नाही.

ताई म्हणाल्या, "अहो, पण आमचे हीटर..."

"तुम्ही काळजीच करू नका. गेनाऊ त्यासाठीच तर पोर्टल असतं."

ताई पुऱ्या तळायला आत गेल्या आणि त्याने त्यांच्या नावाने पहिल्या कंपनीशी करार करून टाकला.

काही दिवसांनी नव्या कंपनीचा दर कळला. दिवसाला आणि रात्रीला एकच दर! रात्रीची स्वस्त वीज गेली होती. ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी छत्र्या बाजूला केल्या, माझे दोन्ही आकडे पाहिले आणि त्यांना सगळं समजलं. या देशात असा करार दोन आठवड्यांच्या आत विनाकारणही रद्द करता येतो, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ड्युसेलडॉर्फच्या धाकट्या बहिणीला फोन लावला.

"मुक्ता, अगं, त्यांनी हौसेने केलंय. नवे जावई. मी रद्द केलं तर तनयाला काय वाटेल? असू दे, यंदा थंडी जरा अंगावर काढेन."

मित्रांनो, मला फार राग आला. जावयाचा मान ठेवावा, पण तो थंडीत कुडकुडून कशाला? मला बोलता येत असतं तर तेव्हाच ओरडलो असतो.

ऑक्टोबरात ताईंनी झोपायच्या खोलीतला हीटर बंद केला. नोव्हेंबरात पुढच्या खोलीतला. शनिवारच्या मुलांच्या आयांना त्यांनी कळवलं की घसा बसलाय, वर्ग काही दिवस बंद. पुढे घसा खरोखरच बसला. सगळं घर सोडून त्या स्वयंपाकघरात राहू लागल्या. दोन स्वेटर, वरून शाल, आणि तिथेच कोचावर झोप. लेकीचा फोन आला की आवाज खणखणीत करून सांगायच्या, "सगळं छान आहे गं." फोन ठेवला की खोकल्याची उबळ. थंडीच्या दिवसांत माझा खालचा आकडा भराभर पळायचा, तो आता जेमतेम सरकत होता. मला त्यांची धास्ती वाटू लागली.

जानेवारीत लेक-जावयाची लग्नानंतरची पहिली संक्रांत आली. ताईंनी खोकत खोकत तिळगूळ केला. सांगलीहून हलव्याचे दागिने मागवले, जावयासाठी हारसुद्धा. आदल्या दिवशी पुढच्या खोलीतला हीटर तेवढा चालू करून ठेवला. पाहुणे तिथेच बसणार, असा त्यांचा हिशेब. पण तनया काळी साडी नेसायला झोपायच्या खोलीत गेली. आत तिच्या तोंडातून वाफ निघाली. तिने हीटरवर हात ठेवला आणि तशीच बाहेर आली.

"आई, हा कधीपासून बंद आहे?"

ताईंनी आधी हीटर बिघडल्याचं सांगून पाहिलं. तनयाने दिवसा तापवायचं जादा बटण दाबून तो चालू केला आणि माझी चकती सुसाट फिरू लागली. खोटं लगेच उघडं पडलं. मग ताईंना सगळं सांगावं लागलं. गळ्यात हलव्याचा हार घालून सत्यजित माझ्यासमोर उभा होता. त्याचा चेहरा पडला.

"आई, मला एकदा बोलायचं होतंत."

"सत्यजितराव, पहिल्याच वर्षी जावयाच्या कामात खोट कशी काढायची?"

"तुम्ही थंडीत बसणार असाल तर मला असला मान नको."

त्याने हार काढून तनयाच्या हातात दिला, बूट घालायच्या बाकावर माझ्याखाली बसला आणि माझे दोन्ही आकडे टिपून घेतले. ताईंनी मागच्या वर्षीचे आकडे आणून दिले, त्यावरून वर्षभराची खरी वीज कळली. या वेळी तो हीटरच्या विभागात गेला. बोनस धरायची खूण काढून टाकली, तशी यादीतली पहिली कंपनी पार खाली घसरली. दुसऱ्या एका वेबसाइटवर क्रम आणखी निराळा निघाला. गावातल्या वीजकंपनीचा हीटरचा दर तर दोन्हीकडे नव्हता, तो तिच्या स्वतःच्या पानावर शोधावा लागला. सुटकेची वाटही निघाली. बोनसवाल्या कंपनीने फेब्रुवारीपासून दर वाढवल्याचं कळवलं होतं, आणि दर वाढला की ग्राहकाला मुदतीआधी करार सोडता येतो.

यादीतला एक दर निवडून सत्यजितने बटणावर बोट नेलं, मग थांबला आणि लॅपटॉप ताईंकडे वळवला. ताईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "अहो, हा नको," त्या म्हणाल्या. "याची रात्रीची वीज महाग आहे. गावातल्या कंपनीची घ्या." जावयाला 'नको' म्हणायची ती त्यांची पहिलीच वेळ. सत्यजितने त्यांचं ऐकलं. त्या रात्री सगळे हीटर तापले आणि माझा खालचा आकडा जोरात धावला. इतका आनंद मी नवा होतो तेव्हाही मला झाला नव्हता.

आता शनिवारचा वर्ग पुन्हा भरतो. यंदा मला काढून नवा मीटर बसवणार आहेत, तसं ताईंना कळवलंय. त्याचं मला दुःख नाही. माझं काम मी चोख केलं. या वेबसाइट खोटारड्या असतात, असंही मी म्हणणार नाही. तुम्ही विचाराल तेवढ्याचंच उत्तर त्या देतात, आणि बरंचसं बरोबर देतात. म्हणून विचारण्याआधी आपला मीटर बघा, पहिल्या नावावर भाळू नका आणि ज्याच्या घरासाठी दर निवडताय त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. आणि मित्रांनो, दूर राहणारं मोठं माणूस फोनवर "सगळं छान आहे" म्हणालं, तर थंडीत एकदा त्याच्याकडे जा आणि हीटरवर हात ठेवून बघा.