रिकाम्या यादीचा हिरवा दिवा

आमच्या टेस्टरचं नाव शंकासूर, आणि ते ठेवलंय मीच. प्रोग्रॅम मी लिहायचे आणि खुसपटं तिनं काढायची, ही आमच्या औषध कारखान्यातली कामाची वाटणी.

त्या सकाळी बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या! माझा प्रोग्रॅम तसा सरळ. इन्सुलिनच्या बाटल्यांचा खोका भरला, की कॅमेरा प्रत्येक लेबलावरची ताकद वाचतो आणि यादी पाठवतो. प्रोग्रॅम यादीतली पहिली नोंद धरून बाकीच्या तिच्याशी ताडून बघतो. एकही वेगळी निघाली तर लाल दिवा, नाहीतर हिरवा. साध्या बाटल्यांत जास्त ताकदीची एखादी गेली, तर पेशंटच्या जिवाशी खेळ.

"यादी रिकामीच आली तर गं?" तिनं विचारलं.

"रिकामा खोका कोण पाठवेल? डोकं नको खाऊस."

"खोका नाही, यादी म्हणतेय मी. कॅमेऱ्यानं काही वाचलंच नाही तर?"

मी फटकारायला वळले आणि माझीच चूक ध्यानात आली. रिकाम्या यादीत वेगळं सापडणार कुठून? आणि वेगळं सापडलं नाही, की माझं दिवटं कार्टं 'सगळं सारखं' म्हणून मोकळं!

आम्ही सकाळच्या नोंदी उघडल्या. मध्ये काही वेळ कॅमेऱ्याची वायर ढिली झाली होती. तेवढ्या वेळातल्या प्रत्येक खोक्यापुढे वाचलेल्या बाटल्या शून्य आणि दिवा हिरवा. आमचा माल ज्या दवाखान्यात जातो, तिथूनच माझ्या बाबांचं इन्सुलिन येतं.

"आजच्या मालाची गाडी कुठाय?"

"फाटकाशी," ती म्हणाली, आणि आम्ही पळत सुटलो.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती. मी सरळ पुढे जाऊन आडवी उभी राहिले.

"ओ ताई, मरायचंय का?"

"कुणी मरू नये म्हणूनच अडवतेय! खोके उतरवा."

वायर घट्ट बसवली. प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली, की यादी रिकामी असेल तर लाल. मग तेवढे खोके उघडून पुन्हा कॅमेऱ्याखालून सोडले. हिरवा. हिरवा. परत हिरवा. मला जरा धीर येतोय तोच लाल पेटला. खोक्यात पाहिलं, तर साध्या बाटल्यांच्या रांगेत जास्त ताकदीची एक बाटली साळसूदपणे बसलेली.

"सापडली बया!" शंकासूर ओरडली. उरलेले खोके हिरवे निघाले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मी तिला कडकडून मिठी मारली.

"आजपासून तुझं नाव बदलते."

"छे! आता कुठे ते कमावलंय मी."

घरी गेले तर बाबा इंजेक्शनच्या तयारीत. मी त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली.

"अगं, एकच तर आहे. तपासायचं काय त्यात?"

"एकच असली की ती स्वतःसारखीच असणार ना, बाबा. तिला डॉक्टरांच्या चिठ्ठीशीच ताडायला हवं."

लेबल वाचलं, चिठ्ठी वाचली, पुन्हा लेबल वाचलं. जुळत होतं. मी बाटली त्यांना परत दिली.

"झालं का समाधान, शंकासूर?" बाबा हसत म्हणाले.

"झालं," मी म्हटलं, आणि दिवसभर अडवून धरलेलं रडू एकदम फुटलं.