कानामागचे दोन फोड

त्या रविवारी सकाळी बापूजी नात रीताला घेऊन मोहाखाली फुलं वेचत होते. शेजारच्या नीलाबाईची पोरगी प्रियाही टोपली घेऊन आली होती. रीताच्या तोंडावरचे केस मागे सारताना बापूजी थांबले.

"काऊन वं साधना, पोरीच्या कानामागं हे काय आहे?"

"घामोळ्या आहेत, बाबा."

"हो, चंद्रपूरच्या उन्हानं तं दगडालेही घामोळ्या येतेत!" ते हसले आणि रीताला खांद्यावर घेऊन पुढच्या झाडाकडे निघाले.

ते दोन पाण्याने भरलेले फोड साधनाने पहाटेच पाहिले होते. ती शिक्षिका, कांजिण्या वर्गात दरवर्षी पाहायची. पण खरं सांगितलं असतं, तर 'माता आली' म्हणून बापूजींनी दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला असता आणि पाच दिवस कुणाला उंबरा ओलांडू दिला नसता. सोमवारी तिच्या शाळेत परीक्षा होती. दुपारच्या बसने ती पोरीला घेऊन माहेराहून चंद्रपूरला परतली.

पंधरा दिवसांनी प्रियाच्या अंगावर फोड उठले. दुसऱ्या दिवशी बापूजींच्या. रीता तोवर बरी होऊन शाळेत जाऊ लागली होती, प्रियाही आठवड्याभरात अंगणात खेळू लागली. बापूजींच्या दमेकरी छातीत मात्र दुखणं उतरलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी ते गेले.

आज तेरवी. साधनाच्या पायाला भिंगरी लागली होती. पत्रावळ मांडायची, अर्ध्यात उठायची, दाराशी जायची, परत यायची. मांडवात बायका कुजबुजत होत्या. नीलाबाईनं डहाळा एक दिवस उशिरा बांधला म्हणे, तिच्याच घरून आलं. प्रियाला आदल्या दिवशी आलं, ते सगळ्यांना दिसत होतं. त्याच्याही पंधरा दिवस आधीचं कुणी मोजत नव्हतं. साधना मोजत होती. रोज.

तेवढ्यात नीलाबाई तांदळाची टोपली घेऊन आली आणि बाहेरच थबकली.

"आता काऊन आली?" आई, इंदुताई, आतूनच कडाडली. "माहं कुंकू नेलं तुह्या पोरीनं. जाय परत!"

नीलाबाई खाली मान घालून वळली. साधनाने धावत जाऊन तिचा हात धरला.

"तिले नको बोलू, आई. प्रियालेही माह्याच पोरीनं दिलं अन् बाबालेही. त्या घामोळ्या नव्हत्या. मले माहीत होतं. मी बाबाशी खोटं बोलली."