गुडघ्यांवरचं औषध

मी माइक बोलतोय. हो, मीच! पन्नासहून अधिक वर्षं लोक माझ्या तोंडाशी बोलले आणि मी निमूट ऐकलं. पण गेल्या मंगळवारी जे ऐकलं, त्याने असा हादरलोय की आता गप्प बसवत नाही.

तैवानमधल्या बेइगांगच्या ‘दक्खिनवारा’ रेडिओ केंद्रात मी पेंढ्यात गुंडाळून आलो, तेव्हा खाली औषधाचं दुकान होतं आणि वर स्टुडिओ. दुकान लिम शेठचं, केंद्रही त्यांचंच. औषध खपावं म्हणून त्यांनी केंद्र काढलं, यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्या मुलखात कितीतरी केंद्रं अशीच चालत. दुपारी नाटक लागलं की लसणाच्या शेतातली माणसं बांधावर येऊन बसत. मध्यंतरी वरून हुकूम आला, की लोकांच्या बोलीत दिवसातले ठरावीक तासच बोलायचं, बाकी सारं सरकारी भाषेत. तेव्हा शेठ उरलेल्या वेळात नुसतं वाद्यसंगीत लावायचे आणि खिडकीत उभे राहून सरकारला शिव्या द्यायचे. अर्थात, मला बंद करून!

ते गेले, मुलगा गादीवर बसला. त्याला सगळे धाकटे शेठ म्हणतात. त्याच सुमाराला निवेदिका म्हणून स्यु-लुआन माझ्यापुढे बसू लागली, त्याला सव्वीस वर्षं झाली. तिच्या कार्यक्रमाची रीत सोपी. श्रोत्याने फोन करायचा, दुखणं सांगायचं, बाटली मागवायची. मग घटकाभर गप्पा, हवं तर एखादं गाणं. बाटली न मागवणारा लांबण लावू लागला की धाकटे शेठ काचेपलीकडून ‘आवर’ अशी खूण करत.

अ-बुआन मावशीचा फोन दर मंगळवारी दहाला यायचा.

“पोरी, गुडघे फार दुखतात गं. एक बाटली पाठव.”

“पाठवते मावशी. पण लसूण निंदायला उकिडवं बसू नका हं.”

“छे गं बाई, मी कशाला बसतेय!”

मग तिचा कोंबडा, शेजारणीची आळशी सून, देवळापाशी मिळणारं खारट सूप, असं काय काय निघायचं. मला तिचा आवाज फार आवडायचा.

मग तीन मंगळवार फोनच नाही. “रुसलात की काय मावशी?” स्यु-लुआनने माझ्यातून विचारूनही पाहिलं.

चौथ्या मंगळवारी, म्हणजे गेल्याच आठवड्यात, एक पन्नाशीचा माणूस खोकं घेऊन थेट स्टुडिओत आला. शेतकरी असेच कोबीबिबी घेऊन आत येतात, म्हणून त्याला कोणी हटकलं नाही. त्याच्या बाहीला सुतकाची पट्टी होती.

“मी अ-बुआनचा मुलगा. आई गेली.”

खोक्यात आमच्याच बाटल्या! स्यु-लुआनचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्या औषधानेच घात केला, असं तिला वाटलं. मलाही तेच वाटलं. धाकटे शेठ धावत आत आले.

“हे बघा, आमच्या औषधात नुसता झाडपाला असतो, त्याने कोणाला काही...”

“आधी सील बघा,” तो माणूस म्हणाला. “एकही बाटली फोडलेली नाही. पलंगाखाली, तांदळाच्या पिंपात, कोंबड्यांच्या खुराड्यात सापडल्या. खाली टेम्पोत अजून अकरा खोकी आहेत.”

“मग गुडघे?” स्यु-लुआनला एवढंच सुचलं.

“गुडघ्यांना काय धाड भरली होती! जायच्या आदल्या दिवशीसुद्धा उकिडवी बसून लसूण उपटत होती.”

“पण मला तर दर मंगळवारी...”

“दुखत नाहीत म्हणाली असती, तर तुम्ही बोलला असता तिच्याशी?” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. “मी तैपेईत असतो. महिन्यातून एकदा फोन करायचो, तोही घाईत.”

या गडबडीत लाल दिवा चालूच राहिला होता. मी उघडा होतो! सारं बोलणं अख्ख्या जिल्ह्याने ऐकलं.

फोन वाजला. “पोरी, माझीही पाठ दुखत नाही,” एक म्हातारा म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला. लगेच दुसरा: “माझ्याकडे कपाटभर झाल्यात. सुनेला सांगू नकोस.” मग तिसरा, मग चौथा. इतकी वर्षं मला वाटायचं, आम्ही हुशार आणि ही माणसं भोळी. मी अक्षरशः थक्क झालो. आम्ही कोणाला काय विकत होतो मग?

धाकटे शेठ त्या खोक्यावरच बसले. “झालं! आता कोण मागवतंय औषध? महिनाभरात कुलूप लागेल.”

आज पुन्हा मंगळवार. दहाला फोन वाजला.

“पोरी, एक बाटली लिही. दुखत काही नाही. पण तुम्ही बंद पडलात तर मी बोलू कोणाशी?”

स्यु-लुआनने काचेकडे पाहिलं. धाकटे शेठ पलीकडे उभे होते. त्यांनी खूण केली नाही, नुसती पाठ फिरवली.

“बाटली राहू द्या, काका,” ती म्हणाली. “बोला तुम्ही.”

तो पाऊण तास बोलला. अशाने केंद्र फार दिवस तगणार नाही, हे मला कळतं. मग मलाही कोणी भंगारात टाकेल. माझं काय व्हायचं ते होवो, तुम्हाला मात्र हात जोडून सांगतो: घरातलं म्हातारं माणूस गुडघे दुखतात म्हणालं, तर लगेच औषध आणायला धावू नका. आधी त्याच्याजवळ जरा बसा.