काळजाचंच कौतुक

मी अधिवृक्क ग्रंथी बोलतेय. नाव ऐकलं नसेलच तुम्ही. आंबेगाव तालुक्यातल्या लोणीच्या कुंडलिकच्या पाठीत, डाव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर मी टोपीसारखी बसलेली असते. उजवीकडे माझी बहीण. ती गरीब स्वभावाची आहे, मी नाही.

माझं काम सोपं. मेंदूनं ‘धोका!’ म्हणून ओरडायचं आणि मी रक्तात माझा रस सोडायचा. मग हृदय धावतं, तोंड कोरडं पडतं, हातापायांत बळ येतं. चौऱ्याण्णव साली बांधावर कुंडलिकच्या पायाशी घोणस निघाली, तेव्हा त्यानं एका उडीत पाट ओलांडला. ती उडी माझी. घरी मात्र त्याची बायको कुशाबाई म्हणाली, “वाघाचं काळीज हाय, म्हणून वाचलं!”

काळीज! तेव्हापासून मी त्याच्यावर जळते. काळजाचा तुकडा, काळजाचं पाणी, काळजाला घरं, सगळं त्याचंच. माझ्या नावाची एक म्हण नाही.

दोन हजार तीनमध्ये कुंडलिकच्या धाकट्या भावानं, सोमाजीनं, लाल ट्रॅक्टर घेतला. रोज सकाळी तो कुंडलिकच्या ओट्यासमोरून जायचा. घरघर ऐकली की कुंडलिकच्या मुठी वळायच्या आणि मेंदू ओरडायचा. समोर ना साप ना लांडगा, नुसता भावाचा ट्रॅक्टर, हे मला कळत होतं. तरी मी रस सोडायचे. खोटं कशाला बोलू, हृदयाची दमछाक बघून मला बरं वाटायचं.

दोन वर्षं हे चाललं. मग एकदा जुन्नरच्या एसटीत कुंडलिकला दरदरून घाम फुटला, छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, “हृदयावर ताण आलाय. राग आवरा.” कुशाबाई लेण्याद्रीच्या गणपतीला नवस बोलली, तोही काळजासाठीच. आजारी पडूनही मान त्याचाच!

अकरावीतली लेक आरती पुस्तक घेऊन बापाशेजारी बसली. “आप्पा, राग आला की ही अधिवृक्क ग्रंथी रस सोडती आन् हृदय पळतं. रोज पळवलं तर दमंल न्हाई का ते?”

या घरात पहिल्यांदा माझं नाव निघालं, आणि तेही गुन्हेगार म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर दारातच थांबला.

“दादा, तपासणीला जायचंय ना? येष्टीपतुर सोडतो, चल.”

मेंदू ओरडला. मी रस सोडायला लागलेच होते, एवढ्यात कुंडलिक म्हणाला, “सोमा, तुझ्या ह्या ट्रॅक्टरवर लई जळतो रं मी.”

सोमाजी खाली बघत राहिला. “ठावं हाय मला. मळ्याला जायला वढ्याकडचा रस्ता जवळचा व्हता. तरी मुद्दाम तुझ्या दारावरनं न्यायचो.”

तो ट्रॅक्टरवरून उतरून ओट्यावर आला. मग भावाला उठवताना सोमाजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, बरोबर माझ्या वर. मेंदू हळूहळू निवला. मी रस आवरला.

आजवर सगळ्यांनी छातीलाच हात लावून विचारपूस केली. माझ्यापर्यंत आलेला हा पहिला हात. काळजावर मी अजून जळते, थोडी. पण माणसांनो, मला म्हणी नकोत. कुणी रागानं थरथरत असेल, तर त्याच्या पाठीवर हात ठेवा. मी तिथंच असते. मलाही थांबायचं असतं हो, पण थांब म्हणायला कुणी येत नाही.