संत्र्याच्या पानावरची राखणदार

मित्रांनो, डोळ्यांना दिसत नाही म्हणून मी नाहीच, असं समजू नका. वलगावला खुशालरावांच्या बागेत, घरामागच्या संत्र्याच्या एका पानाच्या पाठीवर मी राहते. मी रक्षक पेशी, आता चांगली जुनी झाले आहे. समोर माझी जुळी बहीण असते. आम्हा दोघींमधली फट म्हणजे पानाचं दार.

सकाळी ऊन आलं की आम्ही शेजारच्या पेशींकडून पोटॅशियमचे कण आत ओढतो. कणांच्या मागोमाग पाणी येतंच. मग आम्ही टम्म फुगून वाकतो आणि दार उघडतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड आत जातो, हिरव्या पेशी उन्हात त्याची साखर करतात. पण उघड्या दारातून पाणीही उडून जातं. म्हणून पाणी कमी पडल्याचा निरोप मुळांनी धाडला, की आम्ही ते कण बाहेर सोडतो, मलूल होतो आणि दार लागतं. दार बंद, तर पानाचा स्वयंपाकही बंद.

हिवाळ्यात संत्र्याला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. वाढ थांबते, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलतं. तोच आंबिया बहार. मागच्या खेपेला सगळी बाग फुलली, आमच्या झाडावर मात्र एक कळी नाही! खुशालराव वैतागले. "औंदा बहार नाई आला, तं हे झाड तोडून टाकतो," त्यांनी बायकोला बजावलं.

बायको म्हणजे गोदाबाई. झाड त्यांनीच लावलेलं. आणि त्या करत काय होत्या? नवऱ्याची नजर चुकवून ताणातही भांड्यांचं धुवण आमच्या बुडाशी ओतत होत्या! "तहानलं असन माय माझं लेकरू," म्हणत. अहो, मुळांना ताण कळणार कसा? निरोप येईना, आमचं दार उघडंच. मी सांगणार कशी? पेशीला तोंड नसतं.

एक दिवस नात प्राजक्ता मागच्या अंगणात आली. "आजी, बाकीच्या झाडायनं माना टाकल्या, याचीच पानं ताजी काहून?"

गोदाबाई चपापल्या. "मीच पाणी घालून राहिली ना माय! म्हंजे मीच याच्या जिवावर उठली काय?"

अजून वेळ गेली नव्हती. धुवणाची बादली दुसरीकडे रिकामी होऊ लागली. गोदाबाई नुसत्या खोडावरून हात फिरवायच्या आणि डोळ्यांना पदर लावायच्या. आमचे हाल झाले, खोटं कशाला बोलू? निरोप आला, दार लागलं, उपास सुरू झाला. पानं गुंडाळली, कितीतरी गळाली.

मग खुशालरावांनी पाणी सोडलं. थोड्याच दिवसांत झाड कळ्यांनी लदबदलं.

"तोडा ना जी आता!" गोदाबाईंनी टोमणा मारला. खुशालराव गालातल्या गालात हसले.

मित्रांनो, माझं पान आता पिवळं पडलं आहे, आज-उद्या गळेल. माया जरूर करा, पण ज्याच्यावर करता त्याची रीत आधी समजून घ्या. आणि झाडून काढलेली पानं जाळू नका, बुडाशी सारा. जन्मभर दार उघडायला वापरलेलं पोटॅशियम मला याच झाडाला परत द्यायचं आहे.