खालचा मजला

बकुळा लेकीला कडेवर घेऊन गच्चीवर आली, तेव्हा मधपेटीचं झाकण पालथं पडलं होतं आणि तिचा दीर धोंडू पंच्यात आतली पोळी कोंबून दोन्ही हातांनी पिळत होता. शेजारी काथ्याचा धूर. पातेल्यात मधाबरोबर पांढरं, दुधासारखं काही गळत होतं.

"कुठली काढलीत?" तिनं विचारलं.

"सगळी. गावाक असाच पिळतत, वैनी. दादा आज सुटतलो, समितीची माणसां येतली. त्यांचा तोंड गोड करूक नको?"

पेटीच्या वरच्या मजल्यात मध, खालच्यात राणी आणि तिची पिल्लं; खालच्याला कधी हात लावायचा नाही. दादरच्या मधमाशीपालनाच्या वर्गात शिकून आल्यावर तिनं हे घरात प्रत्येकाला सांगितलं होतं. तेव्हा सासू राधाबाई म्हणाल्या होत्या, "माणसांका खोली पुरना नाय, नि हिच्या माश्यांका दोन मजले." सगळे पोट धरून हसले होते. ऐकलं कुणीच नव्हतं.

पावसाळाभर फुलं नव्हती. नवरा जगदीश मराठी राज्यासाठीच्या सत्याग्रहात तुरुंगात. बकुळानं स्वतः गुळाचा चहा पिऊन रेशनची साखर माश्यांच्या पाकासाठी वाचवली, अंगावरचं मूल पाजता पाजता माश्या जगवल्या. आत्ता कुठे त्या घर धरत होत्या.

तिनं पंचा उलगडला. चोथ्यात राणी सापडली, लांबट, काळसर, मधात माखलेली.

जगदीश खोलीत आला, गळ्यात हार, मागे परळची अर्धी चाळ. धोंडूनं सगळ्यांच्या तळहातावर मध दिला. बकुळानं हात पुढे केला नाही. काय झालं ते कळल्यावर जगदीश चारचौघांत हसत म्हणाला, "इथे माणसं पोलिसांच्या गोळ्या खाऊन मेली गं. आणि तू माश्यांसाठी तोंड पाडतेस?"

"त्यांच्यासाठी मीही रडले," ती आवाज न चढवता म्हणाली. "ही राणी मात्र आपण मारली. पिल्लांसकट. आणि आता चाटताय."

जगदीशनं हात धोतराला पुसला. राधाबाईंनी नातीला घ्यायला हात पुढे केले. बकुळानं तिला दिलं नाही.

गच्चीवर ऊन उतरलं होतं. सकाळी बाहेर गेलेल्या माश्या इस्पितळाच्या आवारातल्या झाडांवरून परतत होत्या. पायांना पिवळ्या परागाच्या गोळ्या, पिल्लांना भरवायला आणलेल्या. एकेक दारावर उतरत होती, थबकत होती आणि रिकाम्या पेटीत शिरत होती.