आर्डेलचं घराणं

"थंडीनं गेलं," लॉइड म्हणाला आणि पोतं उलगडून वासरावर टाकायला वाकला.

टॅमसिननं कडेवरच्या फर्नचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं. आठ महिन्यांच्या पोरीला काय कळणार, पण वळवलं. स्वतः मात्र ती बघत राहिली. वासराची पाठ मधोमध मुडपलेली होती, मागचे पाय पोटाखाली आखडून ताठ झालेले. थंडीनं मेलेलं वासरू असं दिसत नाही. ते झोपल्यासारखं दिसतं. शिवाय या हंगामातलं हे तिसरं, आणि तिन्ही एकाच घडणीची.

"लॉइड, ते पहिलंही असंच होतं. पाठ बघा त्याची."

"पायाळू आलं की ओढाताणीत पाठ जाते, पोरी. मी काय आज गुरं राखतोय?" सासऱ्यानं पोत्याची टोकं गोळा केली. ओढ्याकाठच्या खड्ड्यात टाकून द्यायचं त्याच्या मनात होतं.

वासराची आई, आर्डेल चौदावी, बाजूला उभी राहून पोत्याकडे बघत होती. हंबरतही नव्हती.

"नोनीला बोलवू या," टॅमसिन म्हणाली.

"डॉक्टरीण आली की ते उठून चालायला लागेल का?"

कॅलम, तिचा नवरा, पिकअपला टेकून उभा होता. बाप आणि बायको यांच्यामध्ये बोलायचं नाही, हे तो लग्नानंतर फार लवकर शिकला होता. आज मात्र त्यानं टोपी मागं सारली. "बोलवू या, बाबा. बघून तर जाईल."

पेटिफरांच्या घरात एक रीत होती. नवी सून आली की तिच्या नावानं एक जातिवंत कालवड ठेवायची. तिच्या पोटी येणाऱ्या गायींना, त्यांच्या लेकींना, नातींना तेच नाव, पुढे फक्त आकडा वाढत जायचा. टॅमसिनच्या नावाचं घराणं अजून दोनच गायींचं होतं आणि त्यातली दुसरी भलती तापट निघाली होती. "टॅमसिन दुसरीनं आज पुन्हा फाटक मोडलं," असं कॅलम जेवताना मुद्दाम मोठ्यानं सांगायचा. पण कळपाचं नाव ज्यांच्यामुळे झालं त्या गायी आर्डेलच्या. आर्डेल म्हणजे लॉइडची बायको. रुंद पाठीच्या, शांत, वासराला भरपूर दूध देणाऱ्या अकरा तांबड्या गायी. तीन वर्षांपूर्वी आर्डेल गेली. त्या वर्षी लॉइडनं तिच्याच घराण्यातला क्विनलन हा वळू पुन्हा तिच्याच घराण्यातल्या गायींवर सोडला. जातिवंत गुरं पाळणारे सगळेच असं करतात, चांगला गुण पक्का व्हावा म्हणून. लॉइडनं मात्र ते गुणासाठी केलं नव्हतं. त्याला आर्डेल आणखी हव्या होत्या. हे टॅमसिनला ठाऊक होतं आणि त्यावर कुणी काही बोललं नव्हतं.

नोनी दुपारी आली. गुडघ्यावर बसून तिनं वासराच्या पाठीवरून हात फिरवला आणि उठली ती लॉइडकडे न बघताच.

"आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन खराब अंश आले की वासरू असं येतं. एकच आला तर जनावर ठणठणीत असतं, पण पुढे देत राहतं. क्विनलनचे आणि सगळ्या आर्डेलचे केस तपासायला पाठवा."

"क्विनलन ठणठणीत आहे," लॉइड म्हणाला.

"तेच सांगतेय मी. ठणठणीत दिसतात, लॉइड."

कॉलेजात टॅमसिननं हे सगळं वाटाण्याच्या फुलांवर शिकून घेतलं होतं, परीक्षेत चांगले गुणही मिळवले होते. त्या रात्री ती पाळण्याशी वाकून फर्नचा श्वास ऐकत राहिली. जन्मल्यावर पोरीच्या टाचेतून रक्त घेऊन सगळं तपासलं होतं, सगळं चांगलं आलं होतं. तरी ती ऐकत राहिली. दोन धडधाकट माणसं, एकमेकांना काही न सांगता, पोराला काय काय देऊन बसतात.

केस घ्यायचं काम तिच्याकडे आलं. गाय लोखंडी पिंजऱ्यात अडकवायची, शेपटीच्या गोंड्यातले केस बोटाभोवती गुंडाळायचे आणि एका हिसक्यात उपटायचे. मुळासकट आले पाहिजेत, तपासणी मुळाचीच होते. फर्न पाठीवरच्या झोळीत होती. शेवटची उरली चौदावी. तेवढ्यात फर्ननं टाहो फोडला. तिनं हिसका दिला, केस पाकिटात कोंबले, गाय सोडली आणि झोळी पुढे घेतली. पोरीच्या मानेवर माशी चावली होती, एवढंच.

क्विनलन सदोष निघाला. हे घरात कळायच्या आधी बाहेर कळलं, कारण जातिवंत गुरांची नोंद ठेवणाऱ्या सोसायटीकडे नोंदलेल्या वळूचा निकाल आला की तो तिच्या संकेतस्थळावर आपोआप दिसतो. पहिला फोन आला तो डार्सीचा, जो दरवर्षी त्यांच्या वळूंचा लिलाव पुकारायचा.

"लॉइड, गड्या, तुझ्या वळूच्या नावापुढे ते दोषाचं अक्षर लागलंय. बघितलंस का?"

"आता तूच सांगतोयस."

"मला सकाळपासून चार जणांनी विचारलं. मी काय सांगू?"

"खरं सांग," लॉइड म्हणाला आणि फोन ठेवून चहाचं पाणी ठेवायला उठला. मग तो दोन दिवस फोनवरच होता. क्विनलनचे मुलगे ज्यांनी ज्यांनी नेले होते त्या प्रत्येकाला त्यानं स्वतः कळवलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी विचारपूस केली. विचारपूस करणाऱ्यांचे फोन त्यानं लवकर आवरते घेतले.

अकरा आर्डेलपैकी नऊ सदोष आल्या. चौदावीचं उत्तर आलंच नाही. केसांना मुळं नाहीत, पुन्हा पाठवा, असा निरोप आला. घाईत मुळं बघायची राहिलीच होती, हे टॅमसिनला आठवलं. पण कॅलम म्हणाला, "तिनं तर वाकडं वासरूच टाकलंय. तिचं काय विचारायचं राहिलं?" ते बरोबरच होतं. तरी टॅमसिननं दुसऱ्या दिवशी तिचे केस पुन्हा घेतले, या वेळी उजेडात धरून मुळं बघून, आणि पाठवून दिले.

आणि एक निर्दोष आली. एकोणिसावी, चौदावीची दोन वर्षांची लेक.

"एक आहे," लॉइड म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो टेबलाशी नीट टेकून बसला. "एक पुरे. आर्डेलसुद्धा एकटीच आली होती या घरात."

"बाकीच्यांनाही ठेवता येईल, लॉइड," टॅमसिन म्हणाली. "निर्दोष वळू आणला तर एकही वासरू वाकडं यायचं नाही. निम्मी तर पूर्ण स्वच्छ निघतील. तपासून तेवढीच ठेवायची."

"आणि तोवर माझ्या कळपात ते अक्षर लागलेल्या दहा गायी चरताना दिसणार. लोक माझ्याकडून पैदाशीचं बी नेतात, पोरी. फाटकातूनच परत जातील."

"मग दोन तरी. चौदावी आणि म्हातारी नववी."

"कशाला? एकोणिसावी आहे ना."

कॅलमनं टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. पुरे, असा त्याचा अर्थ. तिनं पुरे केलं. नंतर तिला वाटलं की तेव्हा भांडायला हवं होतं, पण कशाच्या जोरावर भांडायचं? निर्दोष कालवड तर समोर उभी होती.

मंगळवारी कत्तलखान्याचा ट्रक आला. दहा गायी चढल्या. आर्डेलच्या गायींना हाकावं लागत नाही, त्या शांतपणे एकामागून एक चढल्या, आणि तेच बघवेना. ड्रायव्हर म्हणाला, "अशी गुणी गुरं पाठवताय?" क्विनलन त्याच्या आदल्याच दिवशी गेला होता.

सोसायटीतल्या मुलीचा फोन आला तो शुक्रवारी सकाळी. टॅमसिन फर्नला भोपळा भरवत होती.

"तुमच्या चौदावीचा निकाल आलाय. सदोषच आहे ती," मुलगी म्हणाली. "पण दुसरी एक गोष्ट आहे. एकोणिसावीशी ती जुळत नाही."

"म्हणजे?"

"बाप क्विनलनच आहे, ते आधीच जुळलं होतं. आईचा नमुना खराब होता म्हणून ती तपासणी अडली होती. आता झाली. चौदावी तिची आई नाही. तुमच्या नोंदलेल्या दुसऱ्या कुठल्याच गायीशी ती जुळत नाही. मी दोनदा बघितलं. आर्डेल म्हणून तिची नोंद तर आम्हाला काढावीच लागेल. सॉरी हं."

फर्ननं चमचा हिसकावून भोपळा केसांत लावून घेतला. टॅमसिननं तो पुसला. मग पुन्हा एकदा पुसला.

लॉइड यार्डात एकोणिसावीला खरारा करत होता. हल्ली रोजच करायचा. तिच्यासाठी कोणता वळू आणायचा, यावर त्याचं आणि डार्सीचं फोनवर पुन्हा चेष्टा-मस्करी करण्याइतपत जमू लागलं होतं.

"चाल बघ हिची," तो म्हणाला. "आर्डेल अशीच चालायची, कुणाला घाई आहे म्हणून नाही, आपल्याला जायचंय म्हणून. माझी बायको म्हणतोय मी, गाय नव्हे."

टॅमसिननं सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबली असती तर पुढचं आलं नसतं.

खरारा थांबला नाही. पाठीवरून खाली, पाठीवरून खाली.

"त्या रात्री दोघी व्यायल्या होत्या," लॉइड म्हणाला. "चौदावी आणि एक बिननोंदीची गाय, खालच्या कुंपणाशी. क्विनलन त्या वर्षी सगळ्यांतच होता. कडाक्याची थंडी. सकाळी मी गेलो तर चौदावी हे वासरू चाटत होती आणि कुंपणाशी एक मेलेलं पडलं होतं. जी चाटते तिचं वासरू. मी त्याच्या कानात चौदावीच्या नावचा बिल्ला मारला."

"चौदावीनं पळवलं असेल. विण्याआधीच. गायी तसं करतात."

"करतात." त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "चोर निघाली की ग आर्डेल माझी." मग तो कोपराही खाली आला. "आणि ती दुसरी कुंपणाशी उभी राहून हंबरायची. किती दिवस हंबरत होती. मी म्हटलं, वासरू सांभाळता येत नाही, अशी गाय कशाला ठेवायची. पाठवून दिली."

फर्न टॅमसिनच्या छातीशी डोकं घासत होती. टॅमसिननं तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मेलेल्याची पाठ बघितली होती तुम्ही?"

"नाही. पोतं टाकलं."

"लॉइड, पहिल्यांदा ते केस मीच नीट घेतले नव्हते. फर्न रडत होती. मुळं आली असती तर हे ट्रकच्या आधीच कळलं असतं. मग तुम्ही दुसरी एखादी..."

तो वळला. तिला वाटलं, आता रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं.

"कत्तलखान्यात फोन कर," तो म्हणाला. "एखादी उभी असली तर बघ."

तिनं तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. पलीकडून कुणीतरी उचलला, नाव विचारलं, थांबायला सांगितलं. गाणं वाजायला लागलं. लॉइड तिच्या तोंडाकडे बघत होता. मंगळवारी गेलेली गुरं शुक्रवारी तिथं उभी नसतात, हे त्याला तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी तो बघत होता आणि तीही फोन कानाला लावून उभी होती.

गाणं थांबलं. पलीकडचा माणूस बोलला. तिनं आभार मानले.

लॉइडनं मान हलवली. कालवडीनं मागं वळून त्याच्या बाहीला नाक लावलं, खरारा का थांबला म्हणून. मग तो दुसऱ्या बाजूला गेला आणि तिकडचा राहिलेला खरारा करायला लागला.